तारेखालचं सूत

आठवीत असताना, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, माझ्या हातून शाळेचा तंबोरा बिघडला.

व्हरांड्याच्या टोकाला, ग्रंथालयाला लागून आमची संगीताची अरुंद खोली होती. एक पेटी, दोन तबलाजोड्या, भजनाचा पखवाज आणि कोपऱ्यात खोळ घातलेला तंबोरा. खंडेनवमीला वाद्यांची पूजा व्हायची, म्हणून आदल्या दिवशीची पुसपास आम्हा मुलींकडे होती. मी भोपळ्यावरची धूळ काढली आणि तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीकडे पाहते तर प्रत्येक तारेखाली एकेक मळका दोरा. कचराच अडकलाय असं वाटलं. चारही दोरे ओढून काढले आणि केरात टाकले.

दुसऱ्या दिवशी संगीताच्या बाईंनी तार छेडली. बाकावर बोट आपटावं तसा आवाज आला, उमटला आणि तिथेच विझला. बाईंनी घोडीकडे पाहिलं, मग आमच्याकडे. मी उभी राहिले. रडू अगदी ओठांशी आलं होतं. बाई एवढंच म्हणाल्या, “शिवणाच्या पेटीतलं पांढरं रीळ घेऊन ये.”

दोऱ्याचा तुकडा त्यांनी खर्जाच्या, म्हणजे खालच्या ‘सा’च्या, तारेखालून ओवला आणि त्याची दोन्ही टोकं माझ्या हातात दिली. “मी तार छेडते. तू दोरा हळूहळू सरकव.”

“कुठे थांबू, बाई?”

“ते मी नाही सांगणार. तुला थांबावंसं वाटेल तिथे थांब.”

आधी काहीच बदललं नाही. मग आवाज जरा नाकातून आल्यासारखा झाला. आणखी केसभर सरकवला आणि एकदम तार उघडली. एकाच स्वराला चहूकडून झालर लागावी तशी ती घुमत राहिली, आणि त्या खर्जातून मला स्वच्छ गंधार, म्हणजे ‘ग’, ऐकू आला. मी मागे वळून पाहिलं, कुणी पेटीवर बोट ठेवलंय का म्हणून. तंबोऱ्याला गंधाराची तारच नसते. आमच्या तंबोऱ्याला एक पंचमाची म्हणजे ‘प’ची, जोडाच्या दोन ‘सा’च्या आणि एक खर्जाची, एवढ्याच चार. बाई हसल्या. “आला ना? तो तारेतच होता. तू त्याला वाट करून दिलीस.”

आज मी कोल्हापुरात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते आणि ही वाट मला आकड्यांत सांगता येते. तार मूळ गतीने थरथरते, त्याच वेळी दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट गतीनेही थरथरते. तिप्पट म्हणजे पंचम, पाचपट म्हणजे शुद्ध गंधार. घोडीचा माथा सपाट नसतो, तो किंचित उतरता असतो. त्या उतारावर तार घासत राहते आणि वरचे स्वर एकामागून एक उजळत जातात. हीच जवारी. तार नेमकी कुठे टेकायची, ते दोरा ठरवतो. एवढं सगळं कळूनही वर्गात शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर ते पांढरं रीळच येतं.

त्या काळी मुलींनी पेटी घ्यायची आणि तबला मुलांनी, अशी न बोललेली वाटणी होती. बाईंनी ती माझ्यासाठी मोडली, हे त्यांचं माझ्यावरचं मोठं ऋण आहे. पहिला महिनाभर तबल्याचा फक्त ‘ना’ हा बोल. तर्जनी चाटेवर, म्हणजे पुडीच्या (वरच्या कातड्याच्या) काठावर पडायची आणि त्याच वेळी अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला हलकेच टेकलेली हवी. ती दाबली की आवाज मेला, उचलली की पसरला. तीच तर्जनी चाट आणि शाई यांच्या मधल्या लवेवर आली की ‘तिं’. अनामिका उचलून मोकळ्या हाताने शाईवर वाजवलं की ‘तू’. पुडी एकच, बोटंही तीच. डाव्या हाताच्या डग्ग्यावर मनगटाची कड दाबत पुढे सरकवली की घुमारा चढत जायचा, एखादं माणूस बोलता बोलता प्रश्न विचारतं तसा. तो घिस्सा मला पहिल्यांदा जमला तेव्हा खिडकीबाहेरची मुलं थांबून ऐकत होती.

पुढे एम.एस्सी.ला असताना कळलं की सी. व्ही. रामन यांनी नेमकं यावरच काम केलं होतं. 1920 साली त्यांनी आणि शिवकाली कुमार यांनी ‘नेचर’मध्ये आपल्या चर्मवाद्यांवर टिपण लिहिलं. साध्या ढोलाच्या कातड्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या 1.59 पट, 2.14 पट असे आडनिडे येतात, म्हणून त्याला सूर असा नसतो. शाईच्या वजनामुळे ते सरळ पटीत येतात. 1934 च्या लेखासाठी त्यांनी पुडीवर बारीक वाळू टाकून, पुडी जिथे हलत नाही तिथे जमलेल्या तिच्या रेघांचे फोटो घेतले. ‘ना’ वाजवताना अनामिका नेमकी अशाच एका न हलणाऱ्या रेघेवर टेकलेली असते. हे वाचलं त्या रात्री मला बाईंना पत्र लिहिल्याशिवाय झोप आली नाही.

नववीत बाई आम्हाला एसटीने मिरजेला घेऊन गेल्या. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घरातल्या फरीदसाहेबांनी 19व्या शतकात जिथे सतारी घडवायला सुरुवात केली, ते हे गाव. सोलापूर जिल्ह्यातून आलेले वाळके भोपळे माळ्यावर रचलेले होते. एक म्हातारे कारागीर जवारी काढत बसले होते. कानशीचे दोन हात, तार चढवायची, कान लावून ऐकायचं, पुन्हा उतरवायची. तासभर आम्ही पाहत होतो आणि तासाभरात त्यांची एकच तार झाली. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी आली तेव्हा मला ते हात आठवले.

हल्ली मोबाइलमध्ये तंबोरा मिळतो. रियाजाला तो सोयीचा आहे, मीही लावते. पण आठवीतल्या मुलीला त्यात सरकवायला दोरा नसतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शाळेचा तंबोरा अजून त्याच खोलीत आहे, असं शाळेच्या महोत्सव समितीकडून कळलं. तारा गंजल्या आहेत म्हणे. पंचमाची खुंटी आमच्या वेळीही घसरायची, बाई तिला फळ्यावरचा खडू लावायच्या. महोत्सवाच्या समारंभाच्या आदल्या दिवशी मी दुपारीच येते आहे. तारांचा नवा संच आणि पांढऱ्या दोऱ्याचं रीळ घेऊन येईन. आठवीतल्या दोन-तीन मुलींना त्या वेळी संगीताच्या खोलीत थांबायला सांगावं, एवढी विनंती आहे.