तुम्ही विचारलेत म्हणून: जिन्यावर थांबलेले गाणे

सावंतवाडीत चित्रपटांचा विषय निघाला की मित्र मला हमखास एक प्रश्न विचारतात: 'जोकर' या हॉलिवूडपटावर एवढा जीव टाकणाऱ्या तुम्हाला त्याचा दुसरा भाग का आवडला नाही, त्यात गाणी होती म्हणून का? जत्रेत रात्रभर बसून दशावतार पाहत वाढलेल्या माणसाला गाण्यांचे वावडे असणे शक्यच नाही. माझी तक्रार त्या खलनायकाच्या प्रेमाविषयी आहे.

२०१९ सालच्या पहिल्या भागाने मला मुळापासून हलवले होते. वाकीन फिनिक्सला त्या भूमिकेसाठी ऑस्कर मिळाले, ते योग्यच झाले. नको तिथे फुटणारे हसू आवरता न येणारा आणि हळूहळू हिंसेकडे सरकत जोकर बनत जाणारा त्याचा आर्थर फ्लेक माझ्या मनातून गेला नव्हता, म्हणूनच ऑक्टोबर २०२४ मध्ये दिग्दर्शक टॉड फिलिप्स यांचाच दुसरा भाग 'जोकर: फोली आ दू' लागला तेव्हा मी मुद्दाम पणजी गाठली. फोली आ दू म्हणजे दोघांना मिळून लागलेले एकच वेड. अर्कम या मनोरुग्णांच्या इस्पितळात कैदेत असलेल्या आर्थरला ली भेटते, तो तिच्या प्रेमात पडतो आणि त्याच सुमारास त्याच्यावर पहिल्या भागातल्या खुनांचा खटला उभा राहतो. लीच्या भूमिकेत लेडी गागा आहे.

आमच्याकडे मोहिनी-भस्मासुराचे आख्यान लागते, तेव्हा पायपेटी आणि मृदंगाच्या साथीने स्त्रीपार्टी करणारा नट मोहिनी होऊन एकेक मुद्रा करतो आणि समोरचा राक्षस, तिच्या प्रेमात भान हरपून, तीच मुद्रा हुबेहूब करीत जातो. शेवटी तिचा हात तिच्या डोक्यावर जातो, मागोमाग त्याचाही स्वतःच्या डोक्यावर जातो आणि ज्याने जगाला भस्म करायचे तोच भस्म होतो. त्या नाचातले एक पाऊल गाळले तरी आख्यान पुढे सरकणार नाही. आर्थर आणि ली मात्र बहुतेक वेळा त्याच्या मनातल्या रंगमंचावर गातात, आणि गाणे संपते तेव्हा दोघेही होते तिथेच असतात.

खरे दुःख याचे आहे की ताकदीची कल्पना त्यांच्या हातात होती. लीने आपल्या गरिबीची आणि आईवडिलांचे घर जाळल्याची कहाणी रचलेली असते. प्रत्यक्षात ती सधन घरातली, स्वतःहून इस्पितळात दाखल झालेली मुलगी आहे. तिला आर्थर नकोच आहे, त्याच्या तोंडावरचा जोकरचा रंग हवा आहे. एवढी मोठी गोष्ट आर्थरची वकील दोन वाक्यांत सांगून टाकते आणि चित्रपट पुन्हा गाण्याकडे वळतो.

न्यायालयात साक्षीला आलेला आर्थरचा जुना सहकारी, बुटका गॅरी, पूर्वी आर्थरने त्याच्या डोळ्यांदेखत केलेल्या खुनाने अजून थरथरणारा, आर्थरला सांगतो की माझी टिंगल न करणारा तू एकटाच होतास. रंग फासलेला आर्थर तिथे क्षणभर गप्प होतो. त्या प्रसंगात एकही गाणे नाही, आणि माझे डोळे तिथे भरून आले.

पहिल्या भागात ज्या जिन्यावर तो बेभान नाचला होता, त्याच जिन्यावर शेवटी ली त्याला सोडून निघते आणि निघतानाही गातच राहते. आर्थर तिला गाणे थांबवून आपल्याशी बोलण्याची विनवणी करतो. सव्वादोन तासांच्या चित्रपटाची तेव्हा जेमतेम काही मिनिटे उरली होती.