आमची वाटचाल : तीन पिनांची वायर

वाळूज एमआयडीसीतलं आमचं वर्कशॉप गाड्यांच्या वायरिंग हार्नेसचं जॉबवर्क करायचं. वायर कापायची, टोकं सोलायची, टर्मिनल बसवायचं, टेप गुंडाळायची. तलवारबाजीशी आमचा संबंध आला तो मुलीमुळे. सातवीत असताना ती एपे खेळायला लागली (एपे, फॉइल आणि सेबर हे तलवारीचे तीन प्रकार). एका स्पर्धेत तिच्या पहिल्याच सामन्यात, टोक लागल्याचं दाखवणाऱ्या बॉक्सवर दिवा लागेना. समोरच्या मुलीच्या दंडावर टोक टेकलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. सरांनी कुणाची तरी वायर मागून आणली, पण तोवर पोरगी मनाने सामन्यातून बाहेर गेली होती. घरी येऊन मल्टिमीटर लावला. बॉडी वायर, म्हणजे जॅकेटच्या आतून जाऊन तलवारीला जोडली जाणारी वायर, तिच्या प्लगमध्ये, सोल्डरच्या अगदी मुळाशी, एक तार तुटलेली. असल्या हजारो तारा मी आयुष्यभर जोडत आलो होतो.

ती वायर दहा मिनिटांत नीट झाली. दुसऱ्या दिवशी मुलगी मैत्रिणींच्या अजून पाच घेऊन आली. आमच्या धंद्याची सुरुवात ही एवढीच.

आपल्याकडे या खेळाची राष्ट्रीय संघटना 1974 साली स्थापन झाली, पण ऑलिम्पिकच्या पिस्टवर, म्हणजे सामन्याच्या पट्टीवर, पहिली भारतीय खेळाडू उतरली ती 2021 मध्ये, टोकियोला. सेबर खेळणारी चेन्नईची भवानी देवी. पहिला सामना तिने 15-3 असा जिंकला. तिची एक गोष्ट मी प्रत्येक पालकाला सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत ती आणि तिच्याबरोबरच्या मुली बांबूच्या काठ्यांनी सराव करायच्या आणि खऱ्या तलवारी स्पर्धेसाठी राखून ठेवायच्या, कारण तुटली तर दुसरी आणायची कुठून? आमच्याकडे छत्रपती संभाजीनगरात भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं, म्हणजे साईचं, केंद्र आहे, त्यामुळे या शहरात तलवारबाजी रुजली. पण तालुक्याच्या शाळेत आजही कबड्डीच्या मॅटवर खडूने चौदा मीटरची पट्टी आखतात आणि दोन-तीन चालू तलवारी आळीपाळीने अख्खी तुकडी वापरते. पोरं कमी पडत नाहीत. कमी पडते ती दुरुस्ती.

पहिल्या नव्या वायरी आम्ही बनवल्या त्या साफ फसल्या. हाताशी होती ती गाड्यांची वायर वापरली. तिच्यात मोजक्याच, जाड तारा असतात. गाडीत ती एकदा बसवली की हलत नाही. इथे पोरगं मिनिटाला वीस वेळा हात लांबवतं, मागे वायर गुंडाळून घेणाऱ्या रीलची स्प्रिंग ओढत असते. दोन महिन्यांत निम्म्या वायरी परत आल्या. सगळ्या बदलून दिल्या, पैसे घेतले नाहीत. मग केसासारख्या बारीक तारांची मऊ वायर शोधली आणि प्लगच्या तोंडाशी ताण सोल्डरवर येणार नाही अशी पकड बसवली. प्लगच्या तीन पिनांमधलं अंतर सारखं नसतं, एका बाजूला 15 मिलिमीटर, दुसऱ्या बाजूला 20. ते अंधारातही चुकू नये म्हणून बायकोने लाकडी ठोकळ्याला भोकं पाडून साचा केला. तो साचा अजून तिच्याच टेबलावर आहे.

खरं कौशल्याचं काम म्हणजे पात्याची तार बदलणं. एपेच्या पात्याला लांबभर खाच असते, तिच्यात दोन बारीक तारा टोकापासून मुठीपर्यंत चिकटवलेल्या असतात. जुना गोंद खरवडून काढायचा, खाच ॲसिटोनने पुसायची, मग खाच बाहेरच्या अंगाला येईल असं पातं धनुष्यासारखं वाकवून बांधायचं. तार ताणली की आपोआप खाचेच्या तळाशी बसते. गोंद थेंबाथेंबाने सोडायचा आणि रात्रभर हात लावायचा नाही. घाई केली तर तार सुटते, आणि सुटते ती नेमकी सामन्यात.

एपेच्या टोकाची स्प्रिंग 750 ग्रॅमचं वजन वर उचलून धरू शकली पाहिजे, नाहीतर स्पर्धेआधीच्या तपासणीत तलवार बाद. अनेक मुलांना हे कळायचं ते थेट तपासणीच्या टेबलावर. शेजारच्या लेथवाल्याकडून पितळेची वजनं करून घेतली आणि आमच्याकडून काम करून घेणाऱ्या प्रत्येक शाळेला एक-एक दिलं. आता पोरं आदल्या रात्री स्वतःच तपासतात. आमच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम मी हेच मानतो.

एक काम मात्र आम्ही करत नाही. मास्कची जाळी. ती दबलेली असली की पालक म्हणतात, "भाऊ, तुम्ही एवढं बारीक काम करता, ही ठोकून द्या ना." मी हात जोडतो. 1982 साली रोमच्या जागतिक स्पर्धेत व्लादिमीर स्मिर्नोव्ह हा ऑलिम्पिक विजेता प्रतिस्पर्ध्याचं तुटलेलं पातं मास्कमधून आत शिरून दगावला. त्यानंतर मास्क, कपडे, पात्याचं पोलाद, सगळ्याचेच नियम कडक झाले. जाळीला 12 किलोच्या पंचने दाब देऊन तपासतात. त्यात जी आत दबली ती संपली. जॅकेटही आम्ही शिवत नाही. आंतरराष्ट्रीय स्पर्धेला 800 न्यूटनच्या जोरालाही न फाटणारं कापड लागतं, आणि ते तपासायची सोय आमच्याकडे नाही. पैसे वाचवायच्या जागा वेगळ्या आहेत. तुटलेल्या पात्याचं टोक, त्याची नळी, स्प्रिंग, मूठ, नट, सगळं दुसऱ्या पात्यावर चढतं. फॉइलवाल्यांचं लामे, म्हणजे धातूच्या तारा विणलेलं, जॅकेट घामाच्या मिठाने मरतं. सराव झाला की लगेच वाळत घाला, अधूनमधून कोमट पाण्यातून काढा, पिळू नका. एवढ्याने ते कितीतरी जास्त चालतं.

हार्नेसचं काम अजून चालू आहे, पगार त्यातूनच निघतात. तलवारींच्या टेबलावर दोघं जण असतात. त्यातला एक पूर्वी स्वतः फॉइल खेळायचा, त्यामुळे तलवार हातात घेतल्याबरोबर दोष कुठे असेल ते तो सांगतो. दरवर्षी पावसाळ्यात शालेय स्पर्धा सुरू झाल्या की रात्री अकरा-अकरा वाजतात. क्रीडा गुणांसाठी पोरं येतात, अशी तक्रार काही जण करतात. मला त्यात वावगं वाटत नाही. आली तर पाहिजेत.

परवा एसटीच्या पार्सलने सहा एपे आल्या, गोणपाटात बांधलेल्या. आत सरांची चिठ्ठी होती, शनिवारी स्पर्धा आहे म्हणून. दोघींची स्प्रिंग ढिली पडली होती, एकीचा स्क्रू हरवला होता, तिघींच्या तारा गेलेल्या. त्या तीन आत्ता वाकवून बांधून ठेवल्यात. सकाळी सोडायच्या, वजन लावून बघायचं आणि साडेनऊच्या गाडीला द्यायच्या.