जिनिंगचा हंगाम आणि माझं बीपी

जळगावजवळच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, मी हिशोब बघतो. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्यांची रांग लागते आणि ओलाव्यावरून वाद सुरू होतात. ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा आकडा बारा टक्क्यांच्या वर गेला की भाव तुटतो. समोरचा शेतकरी चिडतो, आणि त्याचं काय चुकतं? वर्षभराचा घाम त्याने त्या गाडीत भरलेला असतो. ती चीड माझ्यासोबत घरी यायची. खांदे आखडलेले, रात्री दोनला डोळे टक्क उघडे. तपासलं तर बीपी १४४/९२.

डॉक्टर म्हणाले, "भाऊ, गोळीचं तीन महिन्यांनी बघू. आधी चालणं, झोप आणि मीठ." आठवड्याला किमान १५० मिनिटं दमदार चालणं, दोन दिवस ताकदीचा व्यायाम, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस त्यांनी कागदावर लिहून दिली. मिठाचं सोपं होतं. ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी राहिली, ताटातला पापड आणि शेव गेली.

चालायला मेहरूण तलाव गाठला. पाय तलावाभोवती, डोकं वजनकाट्यावर. तिथे रोज येणारे एक अप्पा, निवृत्त क्रीडाशिक्षक, शेजारी येऊन म्हणाले, "काय घाई शे भाऊ? चालताना बोलता आलं पाहिजे." फेऱ्या झाल्या की ते मला कठड्यावर बसवायचे. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. रोखून धरायचा नाही. श्वास सोडताना व्हेगस नर्व्हमुळे, म्हणजे मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या एका नसेमुळे, हृदयाचे ठोके मंदावतात. मनगटावर बोट ठेवून त्यांनी ते मला मोजायला लावलं. खरंच, सोडताना नाडी संथ व्हायची. अप्पा अमळनेरचे. स्वामी कुवलयानंद आधी अमळनेरला शिकवायचे आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम ही योगसंस्था काढून योगाचा शरीरावरचा परिणाम यंत्रांनी मोजायला घेतला, हे सांगताना त्यांचा ऊर भरून यायचा.

मला सगळ्यात कामाची वाटली ती पुढची गोष्ट. भांडण असो की धावणं, अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं शरीर तीच वापरतं. म्हणून झोप झाली नसेल आणि आदल्या दिवशी वादावादी झाली असेल, तर दुसऱ्या दिवशी मी दंड-बैठका घालत नाही. संथ चालतो आणि श्वासावर जास्त बसतो. डोकं हलकं असेल त्या दिवशी वेग वाढवतो, सूर्यनमस्कार घालतो. जोर लावताना श्वास कोंडायचा नाही, कारण त्याने बीपी एकदम चढतं. नुसतं चालण्याने माझी झोप सुधारली नव्हती, श्वासाचा सराव आणि दिवस बघून व्यायाम, हे दोन्ही जोडल्यावर सुधारली.

कामावरही त्याचा उपयोग होतो. वजन-भावाच्या हिशोबाची पट्टी प्रिंटरमधून बाहेर येईपर्यंत दोन लांब श्वास सोडतो, मग शेतकऱ्याला "बसा दादा" म्हणतो आणि वजावट ओळीओळीने समजावतो. आवाज चढत नाही, ना माझा ना त्यांचा.

तीन महिन्यांनंतर बीपी १२८/८२ आलं. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, घरी मशीनवर मोजून लिहून ठेवायला सांगितलं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. उन्हात तेवढ्याच वेगाला ठोके जास्त पडतात, म्हणून तेव्हा साडेपाचलाच तलावावर असतो आणि सात वाजायच्या आत घरी.