दुनळी पाठवा, पिस्तूल नको

आम्ही पेन्सिल्व्हेनियात बंदुका दुरुस्त करतो. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात हे सांगितलं की समोरचा आधी विचारतो, "म्हणजे विकता?" विकत नाही. लोक जुन्या रायफली आणि दुनळी शॉटगन आमच्याकडे टपालाने पाठवतात. आम्ही चिरलेला दस्ता जोडतो, नळीला नवं ब्लूइंग, म्हणजे गंज रोखणारा निळसर-काळा थर, करतो, झिजलेला भाग लेथवर घडवतो आणि टपालानेच परत पाठवतो. नवरा-बायको, एक अर्धवेळ मदतनीस आणि घरामागचं गॅरेज, एवढाच पसारा.

कानस धरायला मी कोल्हापुरात शिकलो, उद्यमनगरात वडिलांच्या वर्कशॉपमध्ये. इकडे आलो तो टूल-अँड-डायच्या, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे घडवण्याच्या, नोकरीवर. एच-वन-बी व्हिसावर असेपर्यंत शिकारीच्या परवान्यासारखा अपवाद सोडला तर बंदूक बाळगताच येत नाही, त्यामुळे हे सगळं ग्रीन कार्डनंतरचं. तोवर कारखान्यातले सहकारी हरणाच्या शिकारीच्या सीझनआधी आजोबांच्या बंदुकांचं रडगाणं गायचे, ते ऐकून घ्यायचो. दुरुस्त करणारे म्हातारे झालेत, तरुण कोणी या कामात येत नाही, हेच जो तो सांगायचा.

2016 मध्ये फेडरल लायसन्स काढलं. पहिल्या तीन वर्षांची फी 200 डॉलर, पुढच्या दर तीन वर्षांची 90. इतक्या कडक धंद्याची फी इतकी स्वस्त कशी, याचं मला अजून नवल वाटतं. हे लायसन्स देणाऱ्या एटीएफ या सरकारी खात्याच्या बाई घरी आल्या, तिजोरी पाहिली, आणि सगळ्यात जास्त वेळ एका रजिस्टरवर बोलल्या. आलेली प्रत्येक बंदूक पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत त्यात चढलीच पाहिजे: बनावट, मॉडेल, नंबर, कोणाकडून आली. परत गेली की तीही नोंद. हे रजिस्टर सौभाग्यवतींच्या ताब्यात आहे. आकडा खोडताना आडवी एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, हा त्यांचा नियम मलाही लागू आहे.

आता टपालाचं. पिस्तूल, रिव्हॉल्व्हर, अंगावर लपवता येईल असं काहीही सामान्य माणसाने टपालाने पाठवायचं नाही, असा कायदा अमेरिकेत 1927 मध्ये झाला. परवानाधारक विक्रेते आणि कारखानदार आपसात पाठवू शकतात, तेही फॉर्म भरून. रायफल आणि शॉटगनला मात्र बंदी नव्हती. 1963 च्या मार्चमध्ये ली हार्वी ओस्वाल्डने, म्हणजे पुढे अध्यक्ष केनेडींचा मारेकरी ठरलेल्या माणसाने, शिकागोच्या दुकानातून इटालियन कार्कानो रायफल मागवली, टपालखर्चासकट 21 डॉलर 45 सेंटला. ती खोट्या नावाने डॅलसच्या पोस्टबॉक्सवर आली. त्याचं रिव्हॉल्व्हर लॉस एंजलिसहून रेल्वे एक्सप्रेस या खासगी पार्सल कंपनीने आलं, कारण बंदी फक्त टपालाला होती, खासगी वाहतुकीला नव्हती. केनेडींच्या हत्येनंतर, 1968 च्या कायद्याने घरबसल्या दुसऱ्या राज्यातून बंदूक मागवणं बंद केलं. पण दुरुस्तीची वाट उघडी ठेवली. मालक आपली रायफल दुसऱ्या राज्यातल्या परवानाधारकाकडे थेट पाठवू शकतो आणि आम्ही ती त्याच मालकाला थेट परत देऊ शकतो, नव्याने पार्श्वभूमी तपासणी न करता. आमचं पोट या एका सवलतीवर आहे.

सुरुवातीला पिस्तुलंही घ्यायचो. दुरुस्त पिस्तूल मालकाला टपालाने पाठवता येत नव्हतं, म्हणून खासगी कुरिअरने, तेही महागाच्या सेवेने. मग 2022 च्या सुमारास मोठ्या कुरिअर कंपन्यांनी परवाना नसलेल्यांकडून बंदुका घेणंच थांबवलं. म्हणजे माणसाने आधी गावातल्या दुकानदाराकडे जायचं, त्याला फी द्यायची, मग त्याने आमच्याकडे पाठवायचं. साधी स्प्रिंग बदलायची तर पाठवणीच कामाहून महाग. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला. आम्ही पिस्तुलं बंद केली. उत्पन्न कमी झालं, पण लाकडाच्या कामाला वेळ मिळाला, आणि खरं सांगायचं तर मला तेच हवं होतं.

पॅकिंग मी दुसऱ्या कोणावर सोपवत नाही. दुनळी उघडायची, दोन्ही नळ्यांत बोट घालून आणि उजेडासमोर धरून पाहायचं, मग नळी आणि दस्ता वेगळे करायचे. दस्ता मनगटाशी, म्हणजे मुठीच्या अरुंद भागात, सगळ्यात आधी तडकतो. तिथे फोम दुहेरी, आणि खोक्याच्या आत दुसरं खोकं. बाहेर आत काय आहे हे कळेल असं एक अक्षर चालत नाही. फर्मच्या नावात आम्ही 'गन' शब्द घेतला नाही तो म्हणूनच; पाठवणाऱ्याच्या पत्त्यातच चोराला आमंत्रण कशाला? सही घेऊनच डिलिव्हरी. वाटेत बंदूक हरवली तर कळल्यापासून 48 तासांत कळवण्याची जबाबदारी पाठवणाऱ्या परवानाधारकाची, म्हणजे आमची.

गिऱ्हाइकांना एकच हात जोडून विनंती: केसच्या खिशात काडतुसं विसरू नका. काडतूस टपालाने अजिबात जात नाही, एकसुद्धा. आणि काउंटरवरचा कारकून "बंदूक घेत नाही" म्हणाला तर वाद घालू नका. टपाल खात्याच्या प्रकाशन 52 मधलं 432 वं कलम छापून सोबत न्या. एका पोस्टात मला ते कलम उभ्या-उभ्या वाचून दाखवावं लागलं, मागची रांग दारापर्यंत गेली होती. आता तिथले लोक मला पाहिलं की आपणहून मोजपट्टी काढतात.

2025 मध्ये त्या 1927 च्या कायद्यालाच इथे पेन्सिल्व्हेनियात कोर्टात आव्हान दिलं गेलं. बंदी उठली तरी पिस्तुलं पुन्हा घ्यायची का, यावर घरात एकमत नाही. रजिस्टरवाल्यांचं मत 'नको' आहे.

खंडेनवमीला लेथ, व्हाइस आणि कानशी पुसून पूजा करतो. झेंडू पटेलांच्या दुकानात मिळतो. त्या दिवशी यंत्राला हात लावत नाही. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी हरणाचा रायफल सीझन उघडतो. त्याआधी बंदूक परत हवी असेल तर ऑगस्टअखेर आमच्याकडे पोचू द्या. दस्त्यावरचे तेलाचे हात एकावर एक सुकायला वेळ लागतो आणि त्यात घाई करता येत नाही.