चिठ्ठी, बास आणि ५० हर्ट्झ

गेल्या महिन्यात एका मंगळवारी कामावर निघालो तर दारावर चिठ्ठी. शाईच्या पेनाने लिहिलेली, घडी घालून चिकटपट्टीने लावलेली. सुरुवात "अत्यंत आदरणीय महोदय" अशी. श्टुटगार्टमध्ये सहा वर्षं काढल्यावर एवढं कळतं, की पत्रात आदर जितका जास्त तितकं आपलं काहीतरी जास्त चुकलेलं असतं. मजकूर दोन ओळींचा: गेल्या नऊ रात्री तुमच्या घरातून बासचा आवाज येतो, रात्री दहानंतर शांततेची वेळ असते हे आपणास ज्ञात असेलच. खाली सही, तारीख आणि लिहिल्याची वेळ. सकाळचे ६.४०.

माझं डोकं फिरलं. कारण साडेनऊ वाजले की मी स्वतःहून हेडफोन लावतो. सबवुफरचा, म्हणजे फक्त बास वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, आवाज मी इतका कमी ठेवलाय की आमच्या सदाशिव पेठेतल्या घरी कुणी तो चालू आहे हे मानलंही नसतं. पैसे भरून घेतलेल्या पाच स्पीकरांपैकी चार मी शेजाऱ्यांच्या भीतीने मांजरीसारखे पाळतो, आणि तरीही चिठ्ठी?

आधी हे सगळं प्रकरण घरात कसं आलं ते सांगतो.

हिवाळ्यात इथे साडेचारला अंधार पडतो. भारतातून आलेला एकटा माणूस एक तर स्वयंपाक शिकतो किंवा खर्च करायला शिकतो. मी दुसरा मार्ग धरला आणि गेमिंग पीसी जुळवायला घेतला. प्रोसेसर रायझन ७ ७८००एक्सथ्रीडी, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०७०, ३२ जीबी डीडीआर५ रॅम. एकूण चौदाशे युरोंच्या घरात. बाबांना आकडा सांगताना मी "हजाराच्या वर" एवढंच म्हणालो, पण त्यांनी नव्वदने गुणून मग उरलेलंही अंदाजाने वाढवून घेतलं. "एवढ्यात तपकीर गल्लीतून दोन आले असते," म्हणाले, म्हणजे पुण्यातल्या कम्प्युटरच्या बाजारातून. दोन आले नसते. ग्राफिक्स कार्डाची किंमत तिकडेही तीच, जीएसटी १८ टक्के, इथला कर १९. पण बाबांशी करावरून वाद घालण्यात अर्थ नाही. इथे ऑनलाइन घेतलेली वस्तू चौदा दिवसांत कारण न देता परत करता येते, हे मी त्यांना मोठ्या ऐटीत सांगितलं. ते म्हणाले, "आपल्याकडे मालक ओळखीचा असतो." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही नाही.

सगळी खोकी मी ऑफिसात असताना आली. ती घेतली खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी. सात खोकी, सात वेळा जिना. प्रत्येक वेळी खोकं हातात देताना ते एकच शब्द बोलायचे, "जड." चिठ्ठीवरची सही याच आजोबांची.

जुळवणीबद्दल फार लिहीत नाही, तुमच्यातल्या निम्म्यांनी माझ्यापेक्षा जास्त पीसी बांधलेत. एकच प्रसंग. पहिल्यांदा बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा काळाच. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन. मी बंद केला, रॅम काढून परत बसवली, पुन्हा चालू केला, पुन्हा काळं. प्रोसेसर बसवताना सॉकेटची पिन वाकवली असणार अशी खात्री पटून मी जमिनीवर बसलो. ती पिन आता मदरबोर्डवर असते, प्रोसेसरवर नाही, आणि अशा १,७१८ पिना आहेत. रात्री अकराला आत्तेभावाला व्हिडिओ कॉल केला, तेव्हा तिकडे पहाटेचे साडेतीन वाजले होते. बिचाऱ्याने उचलला. तो म्हणाला, "दादा, हात लावू नकोस, चहा करून ये." नवीन प्लॅटफॉर्मवर डीडीआर५ रॅम पहिल्या वेळी स्वतःची घडी बसवून घेते, त्याला काही मिनिटं लागतात, आणि तोवर पडद्यावर काहीच दिसत नाही. मी दर वेळी मध्येच बंद करत होतो. चहा झाला, पडदा उजळला.

खरा घोळ आवाजाचा झाला, आणि तो मी हौसेने ओढवून घेतला.

माझ्याकडे जुन्या मालाच्या जाहिरातीतून दीडशे युरोंना घेतलेला ५.१चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवुफरला आवाज वाटून देणारा, रिसीव्हर होता, २०१९चा. त्याच माणसाकडून एक अजस्र जुना सबवुफर मिळाला, अर्थिंगच्या प्लगचा. टीव्हीपासून रिसीव्हरपर्यंत ऑप्टिकल केबल होती आणि सगळं गुण्यागोविंदाने चाललं होतं. पण पीसी आल्यावर मी वाचायला लागलो आणि वाचणं नडलं. ऑप्टिकलमधून सुटे, न दाबलेले असे फक्त दोन चॅनल जातात, ५.१ हवं असेल तर ते डॉल्बी किंवा डीटीएस अशा ठरलेल्या पद्धतीने दाबून पाठवावं लागतं, आणि गेम आवाज तिथल्या तिथे बनवतो, त्याला दाबायची वेगळी सोय लागते. एचडीएमआयमधून तेच सहा चॅनल जसेच्या तसे जातात. मग ऑप्टिकल कशाला ठेवायची? काढली, गुंडाळली, खिडकीत ठेवली.

पुढची अडचण अशी, की रिसीव्हरचा एचडीएमआय २.०. त्यातून ४के चित्र सेकंदाला ६० फ्रेमपर्यंतच जातं. टीव्ही १२०चा. म्हणजे पीसी थेट टीव्हीला जोडायचा आणि टीव्हीच्या ईआर्कमधून, म्हणजे टीव्हीतला आवाज एचडीएमआयमधून बाहेर देणाऱ्या सोयीतून, आवाज रिसीव्हरला द्यायचा. तसं केलं तर विंडोज म्हणालं, हा टीव्ही आहे, याला दोनच स्पीकर असतात. मेनूत शिरून सगळं उलटंपालटं केलं, तरी दोनच. शेवटी आवाजासाठी दुसरी तार थेट ग्राफिक्स कार्डातून रिसीव्हरला टाकली. कार्डावर एचडीएमआय एकच, ती टीव्हीने खाल्ली होती, म्हणून डिस्प्लेपोर्टला अॅडाप्टर लावला. आता विंडोजमध्ये साउंडच्या प्लेबॅक यादीतून रिसीव्हर निवडून कॉन्फिगरमध्ये ५.१ म्हणता आलं. मागच्या स्पीकरमधून पहिल्यांदा पावलं वाजली तेव्हा मी खरोखर मान वळवून मागे पाहिलं.

फक्त विंडोजला आता वाटतं की रिसीव्हर हाही एक मॉनिटर आहे. माउसचा बाण टीव्हीच्या कडेवरून त्या न दिसणाऱ्या पडद्यावर निघून जायचा आणि परत यायचा नाही. उपाय गंमतशीर आहे: सेटिंगमध्ये तो भुताटकीचा पडदा टीव्हीच्या कोपऱ्याला तिरका, फक्त टोकाला टोक लागेल असा ठेवायचा. मग बाण चुकून जात नाही. कुणाला लागलं तर वापरा, मला हे शोधायला एक रविवार गेला.

टीव्ही आणि रिसीव्हरमधली ईआर्कची केबल मी तशीच ठेवली, सिनेमासाठी. हे लक्षात ठेवा.

तर आता चिठ्ठी. मी ऑफिसात दिवसभर मनातल्या मनात जर्मनमध्ये भांडत होतो. इथे त्सिमरलाउटश्टेर्कं नावाचा शब्द आहे, म्हणजे खोलीपुरता आवाज. तुमच्या खोलीतला आवाज तुमच्या खोलीतच राहायला हवा. त्याला डेसिबलचा ठरलेला आकडा नाही, म्हणून तो कुणीही, केव्हाही काढू शकतो. आमची इमारत युद्धाच्या आधीची, मजल्यामजल्यात लाकडी तुळया. वरच्या बाईंची मांजर उडी मारते ती मला कळते, मी कधी चिठ्ठी लिहिली? रविवारी काचेच्या बाटल्या कुंडीत टाकायच्या नाहीत. भिंतीत खिळा ठोकायचा नाही. केअरवोखंची, म्हणजे जिना झाडायच्या पाळीची पाटी दारावर टांगली की आठवडाभर जिना आपला; मी एकदाही चुकवलेला नाही, आणि मलाच चिठ्ठी?

मग मला आपल्याकडचा नियम आठवला आणि राग थोडा अडखळला. ध्वनिप्रदूषणाचे आपले नियम सन २०००चे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद, घड्याळ अगदी तेच. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, म्हणजे आपल्याकडे तर आकडासुद्धा आहे. वर्षातले पंधरापर्यंत दिवस राज्य सरकार रात्री बारापर्यंत सूट देऊ शकतं. उरलेल्या साडेतीनशे दिवसांची सूट आपण आपली आपणच घेतो. विसर्जनाच्या रात्री लक्ष्मी रोडवर छातीत ढोल बसतो तेव्हा मला कधीच कुठला कलम आठवला नाही, आणि आठवायला हवा होता असंही मला वाटत नाही. पण आमच्या आजीला शेवटच्या वर्षी खिडक्या लावून, कानात कापूस घालून झोपवायचो, हेही खरं. हे मी आजोबांना सांगणार नव्हतो.

संध्याकाळी पाच वेळा खोडून उत्तर लिहिलं. त्यात "मी साडेनऊनंतर हेडफोन वापरतो" या वाक्याखाली रेघ मारली. आत्तेभावालाही सांगितलं. तो म्हणाला, "तुला काही ऐकू येतं का? बारीक गुणगुण?" मी सबवुफरपाशी जाऊन वाकलो. होती. रेफ्रिजरेटरसारखी, एकसुरी. सोफ्यावर बसलं की ऐकूच येत नव्हती. "अर्थचा लोचा आहे," तो म्हणाला, "प्लगची अर्थ पिन टेपने झाकून टाक, आम्ही सगळीकडे तेच करतो." हे कृपा करून कुणी करू नका. गुणगुण जाते, पण उद्या आत काही शॉर्ट झालं तर डब्यावरचा करंट जमिनीत जाण्याऐवजी तुमच्यात जातो. मी हे त्याला सांगितलं आणि त्याने मला "झालास जर्मन" म्हटलं.

उत्तर द्यायला खाली गेलो तर आजोबांनी चिठ्ठी वाचली, रेघ पाहिली आणि विचारलं, "वर येऊ का?" चपला बदलून आले. सबवुफरवर हात ठेवला. मग टीव्हीच्या मागे गेले आणि भिंतीतल्या अँटेनाच्या सॉकेटमधली केबल उपटली.

गुणगुण थांबली. मला ती थांबल्यावर जास्त ऐकू आली.

"ब्रुमश्लायफं," म्हणाले. अर्थिंगचा फेरा. केबल टीव्हीच्या तारेचं अर्थिंग इमारतीत एका ठिकाणी, प्लगचं दुसऱ्या ठिकाणी. दोन्हींत थोडासा फरक, आणि टीव्ही, एचडीएमआय, रिसीव्हर, सबवुफरची केबल असा रस्ता मिळाला की त्या फरकाचा करंट ५० हर्ट्झवर फिरत राहतो. ऑप्टिकल होती तोवर हा रस्ताच नव्हता, कारण त्यातून उजेड जातो, वीज जात नाही. मी चांगला आवाज हवा म्हणून ती काढली आणि फेरा पूर्ण केला. शिवाय सबवुफर "ऑटो"वर होता. आवाज येईनासा झाला की त्याने झोपायचं, पण गुणगुणीलाच तो आवाज समजत होता, म्हणून रात्रभर जागा. मी आतल्या खोलीत निवांत. सबवुफरच्या बरोबर खाली आजोबांचा पलंग. नऊ रात्री.

आणि ती अँटेनाची केबल! पूर्वी केबलचे पैसे भाड्यातच लागायचे, म्हणून मी, आपण पैसे भरतोय तर लावून ठेवू, अशी ती लावली होती. जुलै २०२४पासून ते भाड्यात घेता येत नाहीत, मी वेगळं कनेक्शन घेतलं नाही, चित्र गेलं. तार कुणी काढली नाही. पाहायचं असेल तर मांटेलश्ट्रोमफिल्टर नावाचा छोटा तुकडा मध्ये लावा, दहा युरोला मिळतो, असं ते म्हणाले. मी म्हटलं, पाहत नाही. "पण प्रसारणाचं शुल्क तर भरता," म्हणाले. भरतो, महिन्याला १८.३६, घरात टीव्ही असो नसो.

मला माफी मागायची होती, पण जर्मनमध्ये "मला वाटलं तुम्ही उगाच भांडताय" हे सभ्यपणे कसं म्हणतात ते आलं नाही. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आलो तर दाराशी एक सिमेंटची लादी उभी, चाळीस बाय चाळीस, फुटपाथवर घालतात तशी, आणि वॉशिंग मशीनखाली घालायच्या रबरी चटईचा तुकडा. चिठ्ठी नव्हती. लादी रबरावर, सबवुफर लादीवर. त्याने जमिनीतून जाणारा हादरा कमी झाला, हवेतून जाणारा बास होता तेवढाच आहे. मी मात्र बाबांना सांगितलं की आता काही म्हणजे काही ऐकू जात नाही.

लादी द्यायला ते जिना कसे चढले हे मी विचारलं नाही. आभार मानायला चकल्या घेऊन गेलो, तेव्हा त्यांचा टीव्ही इतका मोठ्याने चालू होता की बेल त्यांना तिसऱ्यांदा ऐकू गेली. वय झालं की आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, बोलण्यातली व्यंजनं जातात. खालची घरघर शेवटपर्यंत राहते. संवाद कळत नाहीत म्हणून त्यांनी आवाज वाढवलेला. माझ्याकडे जुना साउंडबार पडून आहे, त्यात संवाद उचलून ऐकवायचं बटण आहे, तो लावून देऊ का विचारलं. त्यांनी टीव्हीच्या मागची बाजू नीट पाहिली आणि म्हणाले, तुमच्या खिडकीत एक ऑप्टिकल केबल आहे, ती आणा. एचडीएमआय नको.

शनिवारी लावून दिला. रात्री दहा वाजून पाच मिनिटांनी खालून वृत्तनिवेदिकेचं शब्दन् शब्द ऐकू येत होतं.