ऑनलाइन नोकरी शोधताना समोरच्याला नक्की काय दिसतं

माझं कामच हे आहे, कंपनीसाठी माणसं शोधायची, रेझ्युमे वाचायचे, फोन करायचे आणि मग टीमशी गाठ घालून द्यायची. त्यामुळे ओळखीत कोणी नोकरी शोधत असलं की त्याचा मेसेज कधी ना कधी माझ्याकडे येतोच, "इतक्या ठिकाणी अप्लाय केलं, कुठूनच रिप्लाय नाही, नक्की काय होतंय?" आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण यातले बरेच जण कामात चांगले असतात, फक्त स्क्रीनच्या अलीकडे बसलेल्या माझ्यासारखीला ते कळायला त्यांनी काही मार्गच ठेवलेला नसतो. प्रत्येकाला तेच तेच तुकड्या तुकड्यात सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून काढतेय.

नोकरीपर्यंत पोचायचे ऑनलाइन दोन रस्ते आहेत. एक म्हणजे तुम्ही जाहिरात बघून अप्लाय करता आणि दुसरा म्हणजे कोणीतरी तुम्हाला शोधत येतं. लोक सगळी ताकद पहिल्यावर घालवतात, रात्री जागून एकामागून एक इझी अ‍ॅप्लायची बटणं दाबत बसतात, आणि ते बटण जेवढं तुम्हाला सोपं तेवढंच बाकीच्या हजारोंनाही सोपं असतं हे विसरतात. दुसऱ्या रस्त्यावर गर्दी खूप कमी आहे.

मी शोधते कशी ते सांगते. समजा मला पेरोल, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगाराचं काम, बघणारी व्यक्ती हवीय. मी सर्चमध्ये "पेरोल स्पेशालिस्ट" ऑर "पेरोल एक्झिक्युटिव्ह" ऑर "पेरोल अ‍ॅनालिस्ट" असं टाकते, पुढे अँड एक्सेल, पुढे नॉट इंटर्न, म्हणजे पहिल्या तिघांपैकी एक हवं, एक्सेल हवंच आणि इंटर्न नको. याला बूलियन सर्च म्हणतात आणि बहुतेक रिक्रूटर दिवसभर हेच करत असतात. मग ठिकाण, अनुभवाची वर्षं असे फिल्टर लावले की मोठी यादी हातात मावेल एवढी होते. आता ज्याच्या प्रोफाइलवर "सतत शिकण्याची आवड असलेला, ध्येयवेडा प्रोफेशनल" एवढंच लिहिलंय तो या यादीत येणारच नाही, मग तो पेरोलमध्ये कितीही हुशार असो. त्याला कोणी नाकारलेलं नाही, तो दिसलाच नाही.

म्हणून पहिलं काम प्रोफाइलची हेडलाइन. लिंक्डइनवर, म्हणजे नोकरी-व्यवसायाच्या ओळखींच्या साइटवर, तिला २२० अक्षरं मिळतात आणि तुम्ही कुठेही कमेंट केली, कोणाच्या सर्चमध्ये आलात, तरी नावाखाली तिचाच सुरुवातीचा भाग दिसतो. तिथे "नवीन संधीच्या शोधात" लिहून जागा घालवू नका प्लीज. "पेरोल स्पेशालिस्ट, ८०० कर्मचाऱ्यांचं मासिक पेरोल, एक्सेल आणि एसएपी" (एसएपी हे कंपन्या वापरतात ते सॉफ्टवेअर) हे वाचून मला एका दमात तीन गोष्टी कळतात. शब्द कुठले वापरायचे हे ठरवायला तुम्हाला हव्या त्या कामाच्या पाच-सहा जाहिराती शेजारी शेजारी उघडा आणि सगळ्यात परत परत काय येतंय ते बघा, तेच शब्द आमच्या सर्चमध्ये असतात. काही कंपन्यांत हुद्द्यांची नावं इतकी अंतर्गत असतात की बाहेर कोणाला काही कळत नाही, असोसिएट लेव्हल टू वगैरे. अशा वेळी बाजारात त्या कामाला जे म्हणतात ते शेजारी कंसात लिहा, फक्त हुद्दा वाढवून लिहू नका कारण जुन्या कंपनीकडे चौकशी होते तेव्हा ते बाहेर येतं.

अबाउट सेक्शनला २६०० अक्षरं असली तरी 'सी मोअर'वर क्लिक करेपर्यंत पहिल्या काही ओळीच दिसतात, म्हणून सगळ्यात भारी गोष्ट तिथे आधी. बालपणापासूनची आवड वगैरे खाली जाऊ दे.

आता रेझ्युमे. एटीएस म्हणजे अर्ज साठवायची जी सिस्टिम असते, वर्कडे, ग्रीनहाउस, लीव्हर अशी अनेक आहेत, तिच्याबद्दल भीती फार पसरलीय की रोबो बसलाय आणि तो आपला रेझ्युमे कचऱ्यात टाकतो. मी ज्या वापरल्यात त्या मुख्यतः अर्ज साठवतात, लावून ठेवतात आणि मला शोधू देतात. आपोआप नकार जातो तो बहुतेक वेळा फॉर्ममधल्या प्रश्नांमुळे, म्हणजे इथे काम करायचा परवाना आहे का, अमुक लायसन्स आहे का, किती वर्षांचा अनुभव आहे. लोक रेझ्युमेच्या फॉन्टवर दोन दिवस घालवतात आणि हे प्रश्न घाईत कसेही भरतात, नेमकं उलटं करायला हवं.

रेझ्युमेच्या बाबतीत खरी अडचण असते ती मजकूर नीट वाचला न जाण्याची. दोन कॉलमचं सुंदर डिझाइन, टेक्स्ट बॉक्स, हेडरमध्ये टाकलेला फोन नंबर, स्किल्सच्या रंगीत पट्ट्या, यातलं बरंच काही सिस्टिम उपसताना विस्कटतं किंवा गळून जातं. तपासायची पद्धत एकदम सोपी आहे, पीडीएफ उघडा, सगळा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करा आणि साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. तिथे जुन्या कंपनीच्या तारखा नव्या कंपनीखाली गेल्या असतील, नंबर गायब असेल, तर माझ्याकडेही जवळपास तसंच पोचणार. आणि कोणीतरी सल्ला देतं की पांढऱ्या अक्षरात कीवर्ड लपवा, ते अजिबात करू नका, मजकूर उपसला की तो पांढरा ढीग आम्हाला स्पष्ट दिसतो आणि विश्वास तिथेच संपतो.

द लॅडर्स नावाच्या जॉब साइटने रिक्रूटरच्या नजरेचा माग काढणारा अभ्यास केला होता, २०१८ च्या त्यांच्या आकड्यानुसार पहिल्या चाळणीत एका रेझ्युमेला सरासरी ७.४ सेकंद मिळतात. माझ्या अनुभवाने मला हे पटतं. त्या वेळात मी आत्ताचा हुद्दा, कंपनी, तारखा आणि वरच्या दोन-तीन ओळी बघते, बस. पण ती सात सेकंद चांगली गेली की मग मी नीट वाचते, आणि तिथे खरा फरक पडतो तो ओळी कशा लिहिल्यात त्याने.

यावर थोडं थांबते कारण हे सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. कस्टमर सपोर्टमधल्या माणसाच्या रेझ्युमेवर हमखास असतं, "ग्राहकांच्या तक्रारी हाताळणे". अरे हे तर त्या पदाचं नावच झालं, यात तू कुठे आहेस? त्यालाच मी फोनवर विचारते, रोज किती तक्रारी यायच्या, तर म्हणतो चाळीसेक. कशाच्या जास्त, तर बिलिंगच्या. मग काय केलंस, तर म्हणतो त्याच त्याच प्रश्नांसाठी उत्तरांचे टेम्प्लेट बनवले आणि पूर्ण टीम ते वापरायला लागली. आणि त्याने काय झालं, तर पहिलं उत्तर जायला आधी दिवस लागायचा तो चार तासांवर आला. हे सगळं त्याच्या डोक्यात होतं आणि कागदावर काहीच नव्हतं! लिहायची ओळ ही होती: "रोज सुमारे ४० तक्रारी सोडवल्या, बिलिंगच्या प्रश्नांसाठी उत्तरांचे टेम्प्लेट तयार केले, पहिल्या उत्तराचा वेळ एक दिवसावरून ४ तासांवर आणला." किती, कोणासाठी, आधी काय होतं, नंतर काय झालं, एवढं स्वतःला विचारा आणि प्रत्येक कामासाठी विचारा. आकडा नसेल तर पसारा सांगा, किती जणांची टीम, किती शाखा, काय बिघडलं असतं तुम्ही नसता तर. पण आकडा बनवू नका, कारण मुलाखतीत पहिला प्रश्न हाच येतो की हे मोजलं कसं.

आणि जिथे शक्य आहे तिथे सांगण्याऐवजी दाखवा. प्रोग्रॅमर असाल तर गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, प्रोफाइलच्या वरच्या भागात सहा प्रोजेक्ट पिन करता येतात, तिथे अर्धवट ट्यूटोरियल ठेवण्यापेक्षा दोनच ठेवा पण चालणारे आणि नीट रीडमी, म्हणजे प्रोजेक्टची माहिती देणारं पान, असलेले. डिझाइनर असाल तर बिहान्सवर, म्हणजे डिझाइनची कामं दाखवायच्या साइटवर, फक्त शेवटचं चित्र नको, आधीचे टाकून दिलेले पर्यायही टाका. पण हे फक्त याच लोकांसाठी आहे असं नाही. डेटाच्या कामाचा शून्य अनुभव असलेल्या एका मुलीने अर्जासोबत एका पानाची लिंक दिली होती, तिने सरकारी साइटवरचा खुला डेटा घेतला होता आणि लिहिलं होतं की मला हा प्रश्न पडला, डेटात तारखा दोन पद्धतीने लिहिलेल्या सापडल्या, त्या अशा सुधारल्या, एवढ्या ओळी वगळल्या आणि का वगळल्या, आणि शेवटी उत्तर हे मिळालं पण ते या कारणाने पूर्ण खात्रीचं नाही. मॅनेजरने ते पान मुलाखतीच्या आधीच वाचलं होतं आणि सगळी मुलाखत त्या वगळलेल्या ओळींवरच झाली. अनुभवाची वर्षं हा विषयच निघाला नाही. अकाउंट्स, शिकवणं, एचआर, ट्रान्सलेशन, कुठल्याही कामात असं एक पान करता येतं, फक्त जुन्या कंपनीची गोपनीय माहिती त्यात नको.

आता ओळखींचं. लोकांना वाटतं आपल्या जवळच्यांपैकी कोणी मोठ्या पदावर नाही म्हणजे आपलं काही होणार नाही. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली उलटंच दाखवलं होतं, ज्यांना ओळखीतून नोकरी मिळाली त्यातल्या बहुतेकांना ती अशा माणसांकडून कळली ज्यांच्याशी त्यांची अधूनमधून किंवा क्वचितच भेट व्हायची. कारण साधं आहे, जवळच्यांना तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. आणि २०२२ मध्ये सायन्स नियतकालिकात लिंक्डइनच्या २ कोटींहून जास्त लोकांवरचे प्रयोग छापून आले, त्यातही नोकरी बदलायला घट्ट ओळखींपेक्षा थोड्या सैल ओळखी जास्त उपयोगी पडल्या, अगदीच अनोळखी नाही, मधल्या. म्हणजे जुन्या ऑफिसमधला दुसऱ्या टीमचा माणूस, कॉलेजचे दोन वर्षं पुढचे सीनियर, एखाद्या ट्रेनिंगमध्ये शेजारी बसलेली बाई. यांना मेसेज करायला लाज वाटते हे मला समजतं पण करा.

फक्त "हाय, प्लीज रेफर मी" आणि खाली रेझ्युमे चिकटवलाय, असं नको. मला स्वतःला असे मेसेज येतात आणि मदत करायची इच्छा असूनही करता येत नाही, कारण कुठल्या जागेसाठी, का, काहीच माहीत नसतं. याउलट हा बघा: "नमस्कार, तुमच्या टीममधली पेरोल स्पेशालिस्टची जागा बघितली. मी ८०० लोकांचं पेरोल सांभाळते आणि जुन्या सिस्टिममधून नव्यात मायग्रेशन केलंय. जाहिरातीत मायग्रेशनचा उल्लेख आहे, ते सुरू झालंय का व्हायचंय? अप्लाय करायच्या आधी एवढं कळलं तर बरं होईल." वाचायला अर्धा मिनिट, उत्तर एका ओळीचं, आणि ते उत्तर देता देता समोरचा स्वतःच म्हणतो की पाठवा रेझ्युमे, मी पुढे देतो.

काही बारीक गोष्टी पटापट. जॉब अलर्ट लावून ठेवा आणि जाहिरात ताजी असताना अप्लाय करा, मी तर चांगले अर्ज येताहेत दिसलं की फोन सुरू करते, शेवटच्या तारखेची वाट बघत नाही. जाहिरात दुसऱ्या साइटवर दिसली तर कंपनीच्या करिअर पेजवर ती अजून आहे का बघा, भरून झालेल्या जागांच्या जाहिराती इकडेतिकडे तशाच राहतात. लिंक्डइनवर ओपन टू वर्क, म्हणजे मी नोकरी शोधतोय असं सांगणारी खूण, याबद्दल खूप जण विचारतात की फोटोभोवती ते हिरवं वर्तुळ लावलं तर बिचारा दिसतो का. माझं मत, नाही, मला त्यातून फक्त एवढंच कळतं की हा माणूस बोलायला तयार आहे आणि ते माझ्या सोयीचंच आहे. सध्याच्या कंपनीला कळू द्यायचं नसेल तर फक्त रिक्रूटर्सना दिसेल असा पर्याय आहे, पण तुमच्याच कंपनीच्या रिक्रूटरला ते दिसणारच नाही याची पूर्ण हमी लिंक्डइनसुद्धा देत नाही, तेव्हा जपून.

कव्हर लेटर एआयकडून लिहून घ्यायला माझी हरकत नाही, भाषा सुधारायला जरूर वापरा. पण सध्या एका जागेसाठी आलेली दहा पत्रं उघडली तर सगळी "मी अत्यंत उत्साहाने" पासून सुरू होतात आणि कंपनीचं नाव बदललं की कुठेही चालतील अशी असतात. त्या पत्रात एक तरी वाक्य असं हवं जे फक्त तुम्हीच आणि फक्त याच जागेसाठी लिहू शकता. ते जमत नसेल तर पत्र नाही जोडलं तरी चालेल.

आणि नोकरी द्यायला कोणी पैसे मागितले, रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट काहीही नाव देऊन, किंवा सगळी मुलाखत फक्त चॅटवर घेऊन लगेच ऑफर लेटर आणि बँकेचे डिटेल्स मागितले, तर तिथेच थांबा. गरज असलेल्या माणसालाच हे लोक गाठतात, याचा मला फार राग येतो.

शेवटचं, नकाराबद्दल. मुलाखतीनंतर नकाराचा मेल आला की शंभरातले बहुतेक गप्प होतात. पण कित्येकदा निवडलेला माणूस ऐनवेळी जॉइन होत नाही, किंवा दोन-तीन महिन्यांत तशीच दुसरी जागा निघते, आणि तेव्हा मी नव्याने सर्च करायच्या आधी जुन्या यादीकडे बघते. म्हणून त्याच दिवशी दोन ओळी लिहा, "कळवल्याबद्दल थँक्यू, टीमशी बोलून छान वाटलं, अशी दुसरी जागा निघाली तर मला नक्की विचारा", आणि मुलाखत घेणाऱ्यालाही लिंक्डइनवर जोडून घ्या.