पाच किलोमीटर, आणि तापायला लागणारी वीस मिनिटं

‘फक्त पाच?’ रेसचा बिब (छातीवर लावायचा नंबर) घेऊन घरी आलो की लिफ्टमध्ये कुणी ना कुणी हे विचारतंच. अर्ध्या मॅरेथॉनचा बिब असला की तीच माणसं ‘वा, या वयात!’ म्हणतात. नऊ वर्षांत अकरा अर्ध्या आणि दोन पूर्ण मॅरेथॉन झाल्या. एकसष्टी उलटल्यावर मी मुद्दाम पाचवर आलोय, कारण मला तीच सगळ्यात अवघड जाते.

एकवीसमध्ये, म्हणजे अर्ध्या मॅरेथॉनमध्ये, पहिले तीन किलोमीटर शरीराला जाग आणण्यात गेले तरी चालतं, पुढे अठरा उरलेले असतात. पाचमध्ये तशी उधारी नाही. आमच्याकडे एक जुनी चेतक होती. डिसेंबरात सकाळी तिचा चोक ओढायचा, तिला आडवी कलती करायची, मग सात-आठ किका, तेव्हा कुठे ती खोकत खोकत सुरू व्हायची. माझं आता तसंच झालंय. पंचेचाळिसाव्या वर्षी पाच मिनिटं इकडेतिकडे पळून लाइनीत उभं राहिलं तरी भागलं असतं. आता वीस मिनिटं लागतात. आणि माझी रेस संपते सव्वीस-सत्तावीस मिनिटांत!

जुलैतल्या रेसची नोंद त्यासाठीच जपून ठेवलीय. वॉर्मअप जेमतेम पाच मिनिटं, पार्किंगपासून लाइनीपर्यंत. स्प्लिट्स (एकेका किलोमीटरची वेळ) ५:४१, ५:३८, ५:३४, ५:२९, ५:१२, एकूण २७:३४. प्रत्येक किलोमीटर आधीच्यापेक्षा जलद. आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर याला ‘निगेटिव्ह स्प्लिट, मस्त!’ अशी शाबासकी मिळाली. कसलं मस्त! पहिल्या दोन किलोमीटरमध्ये माझी छाती भात्यासारखी चालत होती आणि पाय लाकडाचे होते. शेवटच्या किलोमीटरला गाडी तापली, तेवढ्यात कमान आली.

वय वाढलं की आत ओढलेला ऑक्सिजन स्नायूंत पोचून कामाला लागायला जास्त वेळ लागतो. आधी थोडं जोरात पळून घेतलं, की हा वेळ कमी होतो. नुसतं हात फिरवून आणि वाकून भागत नाही, थोडी धाप लागावी लागते. म्हणून ऑगस्टपासून क्रम असा ठेवलाय: बारा मिनिटं अगदी रमतगमत, किलोमीटरला सव्वासात मिनिटं अशा पेसने (वेगाने). मग पाय झुलवणं. मग दोन मिनिटं रेसच्या पेसने, दोन मिनिटं चाल, ऐंशी मीटरच्या चार स्ट्राइड्स (हळूहळू वेग वाढवत मारलेल्या छोट्या धावा), आणि सुरुवातीच्या आधी पाचेक मिनिटं श्वास बसायला. ऑक्टोबरात याच क्रमाने २७:०२ आले. त्या दिवशी हवा दमट होती, नाहीतर अजून थोडं खाली गेलो असतो असं मी स्वतःला सांगतो.

नोव्हेंबरात सराव पुण्यातच: मंगळवार सणस मैदानाचे, गुरुवार तळजाई टेकडीचे. तळजाईबद्दल काय सांगणार, चढ आहे, मोर आहेत, चहा आहे. सणसवर मात्र एक गंमत झाली. आठ वेळा चारशे मीटर, दोन मिनिटांत एक, मध्ये दोनशे सावकाश, असा बेत होता. पहिले दोन्ही आले २:०६. तिसराही २:०६. मी हबकलो, महिनाभर मेहनत करून सहा सेकंद मागे? चौथ्या फेरीला डोक्यात प्रकाश पडला. आतल्या तिन्ही लेनमध्ये सकाळचे फिरणारे, हातात हात घालून, निवृत्तिवेतनावर चर्चा करत. त्यांना वळसा घालून मी चौथ्या लेनमधून पळत होतो. लेनची रुंदी १.२२ मीटर, म्हणजे प्रत्येक लेन बाहेर गेलं की फेरीला साधारण ७.६७ मीटर वाढतात. तीन लेन म्हणजे २३. मी चारशे नव्हे, ४२३ पळत होतो! घरी येऊन हिशेब केला तर चारशेला १:५९ पडत होते. बायको म्हणाली, “अहो, त्या माणसांना ‘जरा बाजूला व्हा’ म्हटलं असतंत तर?” पुण्यात सकाळी सहाला पहिल्या लेनमधल्या माणसाला बाजूला व्हा म्हणणं हा वेगळाच क्रीडाप्रकार आहे.

आता रविवारची रेस. थंडी अकरा अंशांच्या आसपास. सुटायची वेळ सव्वासात. साडेसहाला माझा क्रम सुरू, सात वाजून आठ मिनिटांनी मी लाइनीत उभा. अंग गरम, कपाळावर घाम, बनियनमधून वाफ निघेल असं वाटत होतं. इतका अचूक वॉर्मअप आयुष्यात झाला नव्हता. मग स्टेजवर माइक सुरू झाला. प्रमुख पाहुणे वाटेत आहेत. तोवर झुंबा. पाहुणे आले. सत्कार झाला, शाल, श्रीफळ, रोप. पाहुण्यांनी आरोग्याचं महत्त्व सांगितलं, ते थंडीत उघड्या दंडांनी उभ्या असलेल्या सातशे-आठशे माणसांना. मग दुसऱ्या पाहुण्यांनी पहिल्या पाहुण्यांचं महत्त्व सांगितलं. हिरवा झेंडा पडला तेव्हा ७:३७ झाले होते. बावीस मिनिटं. माझ्या पोटऱ्या फ्रीजमधल्या लोण्यासारख्या.

शेजारी आमचे मेजर उभे होते. (मेजर हे ग्रुपमधलं नाव, ते फौजेत कधीच नव्हते, पोस्टात होते.) वय ६८. एड व्हिटलॉक त्यांचं दैवत. २००४ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, टोरांटोत २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत पूर्ण मॅरेथॉन पळालेला माणूस. त्याचा फोटो मेजरांच्या फोनवर नातवाच्या फोटोच्या आधी दिसतो. तर माझ्या डोळ्यांदेखत मेजर सगळा वेळ गुडघे उचलत जागच्या जागी पळत होते, आणि अंगात होता त्यांच्या मुलाचा कॉलेजातला, कोपरावर फाटलेला स्वेटर. झेंडा वर गेला तसा त्यांनी तो काढून कठड्यावर फेकला आणि माझ्याकडे बघून डोळा मारला.

मी रागातच सुटलो. रागात पळू नये हे मला माहीत आहे, ग्रुपमधल्या नवख्यांना मीच सांगतो. पुढे शाळकरी मुलांचा लोंढा, ती पोरं दोनशे मीटर बाणासारखी गेली आणि एकदम थांबली, बुटाची नाडी बांधायला. त्यांना चुकवत, डावीउजवीकडे होत पहिला किलोमीटर ४:५८. ठरवले होते ५:१२. थंड इंजिनावर थेट चौथा गिअर. दुसरा ५:१४, आणि मला वाटलं निभावतंय. तिसऱ्यात उड्डाणपूल. पुलाच्या माथ्यावर पाय सुटले म्हणजे काय ते कळलं: मांड्या जड, श्वास वर, आणि मेजरांची पाठ हळूहळू लहान. ५:२९. चौथ्यात सपाट रस्ता असूनही ५:२७. ती पहिल्या किलोमीटरची वसुली होती. पाण्याच्या टेबलाशी एका छोट्या मुलीने ग्लास पुढे करत “आजोबा, थोडंच राहिलं” म्हटलं. तिला माझा चेहरा बघवला नसावा. शेवटचा ५:०९.

एकूण २६:१७, हा चिप टाइम, म्हणजे मी सुरुवातीची रेघ ओलांडल्यापासूनचा. गन टाइम, म्हणजे झेंडा पडल्यापासूनचा, ११ सेकंद जास्त. घड्याळात ५.०६ किलोमीटर दिसतात. त्यावरून आयोजकांशी भांडू नका, वळणं बाहेरून घेतली आणि पोरांना वळसे घातले की एवढं वाढतंच. बाकी काही असलं तरी साठीनंतरची ही माझी सर्वांत चांगली वेळ.

घड्याळ मात्र शेवटच्या किलोमीटरभर लाल होऊन किंचाळत होतं. त्यात २२० वजा वय हे जुनं गणित भरलेलं होतं, म्हणजे माझ्या हृदयाच्या ठोक्यांची कमाल मिनिटाला १५९. मी १६७ वर होतो आणि बोलता येत नसलं तरी शुद्धीत होतो. २००१ मध्ये तनाका या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी मांडलेलं सूत्र २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं आहे. त्याने माझी कमाल १६५ येते. तेही सरासरीचंच, पण म्हाताऱ्यांना जास्त न्याय देणारं. सेटिंग बदलून टाकलं. (डॉक्टरांकडून स्ट्रेस टेस्ट करून घेतल्यावरच मी हे धंदे करतो, तुम्हीही तसंच करा.)

साठीच्या पुढच्या गटात मी चौथा, मेजर तिसरे, २५:४८. पदक आणि सुक्यामेव्याची पिशवी त्यांना. वयानुसार टक्केवारीच्या तक्त्यात (त्या वयाच्या सर्वोत्तम वेळेशी तुलना) मी साठ टक्क्यांच्या आसपास येतो, ते पासष्टच्या. म्हणजे नुसत्या वेळेत त्यांनी मला २९ सेकंदांनी मारलं आणि वय धरलं तर फारच. साठच्या पुढे सगळे एकाच टोपलीत टाकतात, पाच-पाच वर्षांचे गट करत नाहीत, हे मला खटकायचं. पण अडुसष्टचा माणूस पुढे गेल्यावर तक्रार कोणत्या तोंडाने करणार?

डाव्या टाचेची चौकशी बऱ्याच जणांनी केली होती. बरी आहे. गेल्या वर्षी टाचेच्या वरची शीर धरली तेव्हा फिजिओने आल्फ्रेडसन या स्वीडिश डॉक्टरांचा जुना व्यायाम दिला होता: जिन्याच्या पायरीवर चवड्यांनी उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायची, पंधराचे तीन संच, गुडघा सरळ ठेवून आणि मग वाकवून, दिवसातून दोनदा. म्हणजे रोज १८०. बारा आठवडे. इतका कंटाळवाणा व्यायाम जगात दुसरा नसेल, पण मला गुण आला. अजूनही दूध उकळेपर्यंत ओट्याजवळच्या पाटावर तीसेक करतो.

पुढची पाच किलोमीटर फेब्रुवारीत. बेत: पहिला किलोमीटर ५:१५च्या आत नाही म्हणजे नाही, पूल असेल तर त्याच्या माथ्यापर्यंत घड्याळ बघायचं नाही, आणि भाषणं सुरू झाली की लाइन सोडून मागच्या गल्लीत स्ट्राइड्स. शिवाय मेजरांची युक्ती. काल कपाटाच्या वरच्या कप्प्यातून एक मरून स्वेटर काढला, कोपरं विरलेली, वीस वर्षं कुणी घातलेला नाही. रेसला नेऊन तिथेच टाकून येतो म्हटलं.

“तो मी विणलाय,” ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

स्वेटर परत कप्प्यात. मेजरांना फोन करून विचारलंय, मुलाचा अजून एखादा आहे का.